कुलुपातील कॅमेरा

आमच्याकडील एका महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी एक डीएसएलआर कॅमेरा खरेदी करण्यात आला. मूल्यांकन समिती यावयाची होती आणि ‘अध्ययन-साधने’ या रकान्यात दाखविण्याजोगे काहीतरी हवे होते. तीन दुकानांची दरपत्रके मागविली गेली, तुलनात्मक तक्ता तयार झाला, खरेदी समितीची रीतसर सभा झाली आणि यथावकाश कॅमेरा, दोन भिंगे, एक तिपाई व एक पिशवी यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत झाली. समिती आली, कॅमेरा पाहून गेली. त्यानंतर तो जो लोखंडी कपाटात गेला, तो वर्षातून तीनचार वेळाच बाहेर येतो : ध्वजारोहण, स्नेहसंमेलन, पाहुण्यांचे स्वागत आणि सेवानिवृत्तांचा निरोप. तोही छायाचित्रांपुरताच. या यंत्राने उत्तम चलच्चित्रणही करता येते हे ज्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, त्यांच्या हाती तो दिला जात नाही. आणि ज्यांच्याकडे कपाटाची किल्ली आहे, त्यांना ते जाणून घेण्याचे कारण पडत नाही. ‘मुलांच्या हातून पडला तर भरून कोण देणार?’ एवढे विचारले की चर्चा संपते.

एका कॅमेऱ्याच्या कहाणीने या पानावरील जागा अडवावी काय, असे कोणी म्हणेल. परंतु प्रश्न एका कॅमेऱ्याचा नाही. आज आपल्या वर्गातील जवळजवळ प्रत्येक मूल हलती चित्रे पाहते आणि त्यांपैकी पुष्कळशी मुले ती घेतातही. पूर्वी अर्ज लिहिता येणे, हिशेब मांडता येणे ही जशी व्यवहारातील किमान पात्रता होती, तशीच एखादी गोष्ट चित्र व ध्वनी यांच्याद्वारे नीट सांगता येणे ही पात्रता होऊ लागली आहे. लिहिणे आपण शिकवितो. निदान शिकवितो असे म्हणतो. चित्रण मात्र ‘मुलांना आपोआप येते’ असे मानून मोकळे होतो. ते आपोआप येत नाही, हे प्रस्तुत लेखकास चाळिशी उलटल्यावर आणि एका भरून न येणाऱ्या चुकीनंतर समजले. ती चूक पुढे सांगेनच. तत्पूर्वी या यंत्राची थोडी पार्श्वभूमी पाहणे इष्ट ठरेल.

यंत्र कोठून आले?

डीएसएलआर म्हणजे ज्यात भिंगातून आलेला प्रकाश एका आरशावर पडून, वर नेत्रिकेपर्यंत पोचतो असा डिजिटल कॅमेरा. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश मागील संवेदकावर पडतो. हे यंत्र मुळात स्थिरचित्रणासाठी घडविलेले. त्यात चलच्चित्रणाची सोय प्रथम आली ती २००८ साली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये निकॉन कंपनीने ‘डी ९०’ हा कॅमेरा जाहीर केला आणि पुढच्याच महिन्यात कॅननने ‘ईओएस ५डी मार्क टू’ आणला. दुसऱ्या कॅमेऱ्याचा संवेदक ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच, म्हणजे चित्रपटाच्या ३५ मिलिमीटर फितीवरील चौकटीहूनही मोठा होता. अमेरिकेत त्याची आरंभीची किंमत २,६९९ डॉलर होती. तितक्याच मोठ्या चौकटीवर चित्रीकरण करणाऱ्या व्यावसायिक यंत्रांच्या मानाने ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल. २०१० साली ‘हाउस’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा अखेरचा भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला आणि बातमीदारांची सोय म्हणून आलेले साधन चित्रपट-व्यवसायात मानाने दाखल झाले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या कथेत आणखी एक गंमत सापडते. पुढील कित्येक वर्षे असे बहुतेक कॅमेरे एकसलग जास्तीत जास्त २९ मिनिटे ५९ सेकंद चित्रण करीत आणि थांबत. अनेकांना हा यंत्राचा दोष वाटे. वस्तुतः त्यामागे युरोपीय संघाचे जकात-वर्गीकरण होते. एकसलग ३० मिनिटे वा त्याहून अधिक चित्रण करू शकणारे यंत्र ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरे व त्यावर जकात पडे; स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्याला ती माफ होती. एका सेकंदाने कर वाचतो हे पाहून कारखानदारांनी तो सेकंद कापला. कोठल्या तरी करपत्रकातील एका ओळीमुळे आपल्याकडे लग्नमंडपात सप्तपदी चालू असताना कॅमेरा बंद पडावा, याहून आंतरराष्ट्रीय व्यापाराचा बोलका धडा पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण!

हलत्या चित्रांचे वेड मात्र आपल्याला २००८ साली लागलेले नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले होते. दादासाहेब फाळके यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा मागविला. तेव्हा त्यांचे वय ४१-४२ वर्षांचे होते. कॅमेरा आल्यावर त्यांनी लागलीच राजा हरिश्चंद्राची कथा चित्रित करावयास घेतली नाही. आधी कुंडीतील अंकुर कसा वाढतो याची एक लहानशी फीत त्यांनी केली. कुंडीसमोर कॅमेरा मांडून, महिनाभराहून अधिक काळ थोडेथोडे चित्र घेत त्यांनी ती पुरी केली. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो ३ मे १९१३ रोजी. भारतीय चित्रपटाच्या आरंभी एका रोपासमोर महिनाभर केलेला सराव आहे, ही गोष्ट आपण चटकन विसरतो. कर्ज काढल्याची कथा मात्र सर्वांच्या लक्षात राहते.

एक चूक

आता ती चूक. आमच्या तालुक्यात घोंगडी विणणारे एक वृद्ध कारागीर होते. खड्डामागावर बसून लोकर विणणारी त्यांच्या घराण्यातील ती शेवटची पिढी. ग्रामीण उद्योगांवर वर्गात बोलताना त्यांचा उल्लेख मी वर्षानुवर्षे करीत आलो होतो. एका उन्हाळ्यात असे वाटले की, या माणसाचे काम व बोलणे चित्रित करून ठेवावे. तीन स्वाक्षऱ्यांचा अर्ज देऊन वर सांगितलेला कॅमेरा दोन दिवसांसाठी मिळविला, माहितीपुस्तिका चाळली, दोनचार शिकवण्या पडद्यावर पाहिल्या आणि त्यांच्या घरी गेलो. ते मोकळेपणाने बोलले. उभे धागे कसे ताणावयाचे, चिंचोक्याची खळ किती दाट हवी, ती कुंच्याने कशी फिरवावयाची, कोणत्या ऋतूतील लोकर कशी असते, हे सर्व त्यांनी माग चालवीत चालवीत सांगितले. बावीस मिनिटांचे चित्रण झाले.

रात्री घरी ते पाहिले तेव्हा प्रथम आनंद झाला. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवले होते. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती रेखीव आणि मागचे सारे धुक्यासारखे विरघळलेले, अगदी सिनेमासारखे! मग ध्यानात आले की, त्या धुक्यात माग होता, खळीचे भांडे होते, कुंचा होता आणि त्यांचे हातही होते. ज्यासाठी गेलो होतो नेमके तेच मी पुसून टाकले होते. आवाजाची कथा याहून वाईट. कॅमेऱ्यातील बारकासा ध्वनिग्राहक दहा फुटांवर. जवळ मागाचा खटका आणि वर पंखा. बावीस मिनिटांत स्पष्ट ऐकू येणारे वाक्य एकच आहे. माग थांबवून ते म्हणतात, ‘मास्तर, आता च्या घ्या.’

दिवाळीच्या सुटीत पुन्हा जाऊन नीट चित्रण करावे असे ठरविले होते. भाद्रपदात ते वारले. मुलगा टेम्पो चालवितो. माग उकलून माळ्यावर टाकला आहे. त्या सुंदर चित्रफितीत एक देखणा वृद्ध काहीतरी महत्त्वाचे सांगत आहे, एवढेच कळते. काय सांगत आहे, ते आता कोणालाही कळणार नाही.

या अनुभवानंतर मी चलच्चित्रण शिकावयास बसलो. शिकताना असे आढळले की, ज्या शास्त्राचे अध्यापन मी वीस वर्षे करीत आहे, त्याचीच ही एक प्रयोगशाळा आहे. साधने मर्यादित, त्यांचे पर्यायी उपयोग अनेक आणि म्हणून निवड अपरिहार्य, ही अर्थशास्त्राची व्याख्या कॅमेऱ्याच्या पाठीवर जणू कोरलेली आहे.

निवडीचे शास्त्र

चित्र किती उजळ यावे हे तीन गोष्टींवर ठरते : भिंगाचे छिद्र किती उघडे, शटर किती वेळ उघडे आणि संवेदक किती संवेदनशील. छायाचित्रात हे तिन्ही बहुतांशी आपल्या हाती असतात. चलच्चित्रणात मात्र शटर जवळजवळ बांधलेले असते. सेकंदाला २५ चित्रे घ्यावयाची तर प्रत्येक चित्रासाठी शटर साधारणपणे त्याच्या निम्मा काळ, म्हणजे १/५० सेकंद, उघडे ठेवण्याचा प्रघात आहे. एवढ्या वेळात हलणारा हात किंचित पुसट उमटतो आणि हालचाल डोळ्यांना सहज वाटते. शटर १/१००० सेकंदावर नेले तर प्रत्येक चित्र सुईसारखे टोकदार येते. परंतु ती एकापाठोपाठ पाहताना माणसे झटके दिल्यासारखी चालतात. म्हणजे एक स्वातंत्र्य गेले, दोन उरली.

त्यांनाही किंमत आहे. संवेदनशीलता, म्हणजे आयएसओचा आकडा, वाढविला की चित्र उजळते, पण त्यात वाळूसारखे कण दिसू लागतात. छिद्र मोठे केले की प्रकाश भरपूर येतो. मात्र जेवढे अंतर स्पष्ट दिसते तो पट्टा अरुंद होतो. माझी फसगत झाली ती येथेच. छिद्र एफ १.८ ऐवजी एफ ८ ठेवले असते तर माणूस व माग दोन्ही दिसले असते. मात्र प्रकाश सुमारे वीसपट कमी झाला असता आणि तो दुसरीकडून आणावा लागला असता : आयएसओ वाढवून, माग दाराजवळ असेल अशी वेळ निवडून किंवा दिवा लावून. उलट भर दुपारी उन्हात, आयएसओ १०० आणि शटर १/५० ठेवून एफ २.८ वर चित्रण करावयाचे तर प्रकाश सुमारे ६४ पट जास्त होतो. तो अडविण्यासाठी भिंगावर करडी काच बसवावी लागते. फुकट काहीच मिळत नाही. प्रत्येक लाभामागे एक त्याग असतो, आणि तो आपण जाणूनबुजून केला की यंत्राने आपल्या वतीने परस्पर केला एवढाच प्रश्न उरतो.

‘ऑटो’ या चक्रीचा धोका तेथे आहे. ती त्याग टाळीत नाही. तो केवळ आपल्या नजरेआड करते. अंधाऱ्या ओसरीत यंत्र स्वतःच्या हिशेबाने छिद्र उघडते, कण वाढविते, दाराशी कोणी आले की क्षणात सगळे बदलते आणि बोलणाऱ्याचा चेहरा उजळतो नि काळवंडतो. नवख्याला वाटते, कॅमेरा स्वस्तातला म्हणून असे झाले. मग तो महाग कॅमेऱ्याच्या मागे लागतो.

दुसरा धडा परस्थ विद्येचा. आमचे विद्यार्थी परदेशी शिकवण्या पाहून सेकंदाला ३० चित्रे व शटर १/६० असे आकडे पाठ करतात. अमेरिकेत ते योग्यच आहेत, कारण तेथे विजेची आवर्तने सेकंदाला ६० असतात. आपल्याकडे ती ५० आहेत. ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले तर चित्र स्थिर येते. १/६० ठेवले तर भिंतीवर काळसर पट्टे सरकू लागतात. खुद्द ‘५डी मार्क टू’मध्ये आरंभी केवळ ३० चित्रांचाच वेग होता, २५ व २४ चित्रांची सोय २०१० साली आज्ञावलीत सुधारणा करून देण्यात आली. उसने सूत्र आपल्या भूमीवर तपासून घ्यावे, हे आपण नियोजनाच्या संदर्भात कितीदा सांगतो! ते ट्यूबलाइटखाली सप्रमाण सिद्ध होते.

तिसरा धडा आवाजाचा, आणि तो सर्वांत मोठा. प्रेक्षक पुसट चित्र सहन करतो, अस्पष्ट आवाज सहन करीत नाही. आणि ज्ञान जतन करावयाचे तर त्याचा मोठा हिस्सा बोलण्यातच असतो. या कॅमेऱ्यांतील अंगचा ध्वनिग्राहक भिंगाची घरघर, वारा, पंखा असे सारे टिपतो. शिवाय आवाज आपोआप समपातळीत ठेवण्याची योजना असते. माणूस क्षणभर गप्प झाला की ती पंख्याचा आवाज चढविते. यावरील उपायाला पैसे लागत नाहीत. बोलणाऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात एक साधा फोन ध्वनिमुद्रण चालू करून ठेवावा, सुरुवातीस कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी आणि संकलनाच्या वेळी चित्रातील टाळी व ध्वनीतील टाळी एकत्र जुळवावी. पंखा बंद करावा. कारागिराला आधी काम करू द्यावे व मग माग थांबवून बोलते करावे. हे मला त्या उन्हाळ्यात कोणी सांगितले असते तर! परंतु सांगणारे कोणी नव्हते. आणि मीही कोणाला विचारले नाही, कारण प्राध्यापकाला विचारण्याची सवय नसते.

किंमत कोठे गेली?

चित्रपटाच्या फितीच्या काळात प्रत्येक सेकंदाला पैसे पडत. १६ मिलिमीटरच्या १०० फूट फितीवर सेकंदाला २४ चित्रे या वेगाने पावणेतीन मिनिटांचे चित्रण होई. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आज सीमान्त खर्च जवळजवळ शून्य झाला आहे. मात्र खर्च नाहीसा झालेला नाही. तो पुढे सरकला आहे. पाच मिनिटांच्या फितीसाठी तीन तास चित्रण केले तर तीन तास पाहावेही लागते, निवडावे लागते, साठवावे लागते. पैशाची टंचाई संपली, लक्षाची सुरू झाली. म्हणून नवशिक्याला मी एकच अभ्यास सांगतो : एका विषयावर दहा तुकडे घ्या, प्रत्येक दहा सेकंदांचा, कॅमेरा तिपाईवर स्थिर. हलवावयाचा नाही, भिंग पुढेमागे करावयाचे नाही. एवढ्या शंभर सेकंदांत चहाच्या टपरीवरील सकाळ सांगता आली नाही, तर शंभर मिनिटांतही सांगता येणार नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू विद्यार्थ्यांच्या घरात दिसते. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी लग्नसराईतील चित्रणाचा धंदा करावयाचे ठरविले. एकाने आईच्या बांगड्या गहाण ठेवून नवा कॅमेरा हप्त्यांनी घेतला. घेतल्यावर समजले की, कॅमेरा ही एकट्याने उपयोगी पडणारी वस्तूच नव्हे. भिंगे, जादा बॅटऱ्या, स्मृतिपत्रे, तिपाई, दिवे, ध्वनिग्राहक, साठवणीच्या तबकड्या आणि संकलन पेलणारा संगणक, असा पूरक वस्तूंचा सारा परिवार त्यामागे येतो. कॅमेऱ्याच्या अंगाची किंमत ही तर केवळ प्रवेश-फी. दुसऱ्याने काही विकत घेतले नाही. तो एका स्टुडिओवाल्याकडे दोन हंगाम दिवे उचलीत, वायरी गुंडाळीत राहिला आणि रात्री संकलन शिकला. पहिल्याने दुसऱ्या वर्षी कॅमेरा निम्म्याहून कमी किमतीत विकला. दुसरा आज स्वतःचे काम घेतो आणि लागेल ते साहित्य भाड्याने आणतो.

कर्ज फाळक्यांनीही काढले होते, असे पहिल्या मुलाने मला सुनावले होते. खरे आहे. परंतु त्यामागे छायाचित्रण व मुद्रण यांत घालविलेली वर्षे होती, आणि कर्जानंतरही महिनाभर कुंडीसमोर बसण्याची चिकाटी होती. भांडवल हे कौशल्याचा गुणाकार करते. कौशल्य शून्य असेल तर गुणाकारही शून्यच येतो. १ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. यंत्र तेवढे स्वस्त झाले. शिकणे कोणत्याही करपत्रकाने स्वस्त होत नाही. ते संस्थांनी स्वस्त करावयाचे असते.

आक्षेप आणि उत्तर

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, खिशातील फोन उत्तम चित्रण करीत असताना हे जुने धूड कशासाठी? दुसरा असा की, डीएसएलआरचेच दिवस भरले आहेत. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांची जागा घेतली असून मोठ्या कंपन्यांनी आपले लक्ष तिकडे वळविले आहे. दोन्ही आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहेत. चलच्चित्रण करताना तर डीएसएलआरचा आरसा वरच उचललेला राहतो, नेत्रिका अंधारी होते आणि सारे काम मागील पडद्यावर पाहूनच करावे लागते; म्हणजे ज्या अवयवावरून त्याला नाव मिळाले तोच या कामी निरुपयोगी!

तरीही शिकण्यासाठी हेच यंत्र योग्य, असे माझे मत आहे. जग नव्याकडे वळल्यामुळे जुने डीएसएलआर दुसऱ्या हाताने पुष्कळ कमी किमतीत मिळतात आणि अनेक महाविद्यालयांकडे तर ते आहेतच. शिवाय, फोन आपल्यासाठी सर्व निर्णय घेतो. डीएसएलआरची प्रत्येक चक्री आपल्याला निर्णय विचारते. गणकयंत्र आले म्हणून आपण पाढे शिकविणे थांबविले नाही, ते याच कारणासाठी. येथे शिकलेला विद्यार्थी उद्या कोणतेही यंत्र हाती घेईल, फोनसुद्धा, तेव्हा त्याला काय मागावयाचे ते ठाऊक असेल.

आता त्या किल्लीकडे वळू. ‘पडला तर भरून कोण देणार’ हा प्रश्न विचारणारे गृहस्थ वाईट नसतात. लेखापरीक्षणाच्या शेऱ्याची धास्ती त्यांनी आयुष्यभर बाळगलेली असते. परंतु त्यांच्या हिशेबात एक रकमेची नोंद राहून जाते. कपाटातील कॅमेराही झिजतो. पावसाळ्यात भिंगांवर बुरशीचे जाळे चढते, न वापरलेली बॅटरी क्षीण होते आणि बाजारातील किंमत दरसाल उतरते. घसारा वापरला तरी होतो, न वापरला तरी होतो. फरक एवढाच की, पहिल्या प्रकारात त्याच्या मोबदल्यात काही पदरी पडते. ग्रंथालयातील पुस्तके फाटतात, हरवतात. म्हणून ग्रंथालयाला कोणी कुलूप लावीत नाही. कॅमेराही पुस्तकासारखाच दोन दिवसांच्या मुदतीने, परवडेल एवढी अनामत घेऊन, नोंदवहीत सही करून द्यावा. दुरुस्तीसाठी वार्षिक अंदाजपत्रकात लहानशी तरतूद असावी. ज्याच्या घरी बांगड्या गहाण ठेवण्यासारख्याही नाहीत, त्या विद्यार्थ्याला हात चालविण्याची दुसरी संधी कोठून मिळणार?

शिकविणार कोण, हाही प्रश्न निघेल. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने गेल्या काही वर्षांत पुण्याबाहेर जाऊन अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालविले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कौशल्यविषयांना महाविद्यालयीन अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. परंतु एवढे मोठे आधार नसले तरी गावातील स्टुडिओवाला आठवड्यातून एक तास नक्की येईल. मराठीच्या प्राध्यापकांनी प्रश्न कसे विचारावेत ते सांगावे, इतिहासाच्या प्राध्यापकांनी तारीख, ठिकाण व नाव यांची नोंद कशी ठेवावी ते सांगावे, भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रकाश शिकवावा. संकलनासाठी मोफत मिळणाऱ्या चांगल्या आज्ञावली आहेत. आणि परीक्षेऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याला एकच काम द्यावे : आपल्या गावातील ज्या माणसाला काही करता येते, अशा एकाचे दहा मिनिटांचे चित्रण त्याच्या संमतीने करावे, त्याचे बोलणे शब्दशः उतरवून काढावे आणि दोन्ही ग्रंथालयात जमा करावे. गुण द्यावयाचे ते धुक्यासारख्या पार्श्वभूमीला नव्हे. हात दिसतात काय आणि बोलणे ऐकू येते काय, एवढेच पाहावे.

लोहार, बुरूड, कासार, सुईण, पखवाजाला पूड चढविणारा, विहिरीचे पाणी जोखणारा, अशी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची वये सत्तरीपुढची आहेत. त्यांच्यासाठी कोणी मूल्यांकन समिती येणार नाही. कॅमेरा आहे, शिकावयास उत्सुक मुले आहेत, सांगणारी माणसे अद्याप आहेत. मध्ये फक्त एक कुलूप आहे. ते उघडावयास किती वेळ लावावयाचा, हे आपल्या हाती आहे. भाद्रपद मात्र आपल्या सभेच्या तारखेसाठी थांबत नाही.